रविवारच्या ताटाचा हिशेब

मागल्या दिवाळीत शेजारच्या घरी फराळाला बसलो होतो. चिवड्याची बशी फिरत होती आणि तिच्यामागोमाग एक मोबाईल हातोहात फिरत होता. आमच्याच मोहल्ल्यातल्या एका मुलाने जर्मनीहून पाठवलेले फोटो त्यात होते. मुलगा माझा जुना विद्यार्थी. आखेन नावाच्या गावी इंजिनिअरिंगचे पुढचे शिक्षण घ्यायला गेलेला. एका फोटोत शनिवारी रात्री चौघापाचांनी मिळून केलेले रोडगे आणि वांग्याची भाजी. दुसऱ्यात रविवारी कोलोनच्या प्रसिद्ध चर्चपुढे तीच मंडळी हसत उभी. तिसऱ्यात ऱ्हाईन नदीच्या काठी बाकावर बसून कागदी पुड्यातले बटाट्याचे तळलेले काप खाणे चाललेले. ऐवज एवढाच. पण फोन ज्याच्या हाती जाई तो काही ना काही बोलल्यावाचून पुढे देईना.

"शिकाले गेला का खाले, बाप्पा?" एका वडीलधाऱ्यांनी चकली मोडता मोडता विचारले.

"बापानं कर्ज काढलं, अन् पोट्टा हिंडून राहिला," एक काकू म्हणाल्या.

तिसऱ्यांनी तर शेवटचा शब्दच टाकला, "बाबासाहेब पावाच्या तुकड्यावर राहून शिकले. अन् हे पाहा!"

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मास्तर पडलो ना मी! विद्येच्या बाबतीतला निकाल माझ्याकडून हवा होता. मी त्या वेळी काय केले ते पुढे सांगणारच आहे, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. पण आधी त्या बैठकीशी मला भांडायचे आहे. ती बैठक एकट्या आमच्या मोहल्ल्यातली नाही. ज्यांचे मूल शिकायला दूर गेले आहे अशा प्रत्येक घराच्या ओसरीवर ती भरते. तुमच्याही घरी या दिवाळीत भरेल.

पहिला मुद्दा हिशेबाचा, कारण हिशेबाच्या नावानेच हे बोलणे चालते. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या मुलाला व्हिसा मिळण्याआधी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे एका कुलूपबंद खात्यात भरून दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे. ती त्याला एकदम मिळत नाही. दरमहा ९९२ युरो, म्हणजे आजच्या भावाने लाखभर रुपयांच्या आसपास, एवढेच हाती पडतात. आपल्याला लाख हा आकडा मोठा वाटतो. पण त्यातच खोलीचे भाडे, आजारपणाचा विमा, फोन आणि जेवण. उडवायला जागा कुठे आहे? पैसे कमी पडले तर काम करावे, पण तेही मोजून. २०२४ च्या नियमाप्रमाणे वर्षाला १४० पूर्ण दिवस, त्याहून जास्त नाही. ज्याचे दिवस सरकार मोजते आणि पैसे बँक मोजते, त्याच्या ताटातले घास मोजायला आणखी आपण कशाला हवे?

आता त्या शनिवार-रविवारची गोष्ट पाहू. विद्यापीठाच्या ज्या खाणावळीत आठवडाभर स्वस्तात दुपारचे जेवण मिळते, ती शनिवार-रविवारी बहुधा बंद असते. त्या देशात रविवारी दुकानेही बंद. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून त्यांच्या राज्यघटनेनेच राखून ठेवला आहे. स्टेशनातली दुकाने आणि काही तास पाव विकणाऱ्या बेकऱ्या तेवढ्या उघड्या. तेव्हा शनिवारी भाजी आणली नाही तर रविवारी उपास. म्हणून ही मुले शनिवारी पिशव्या घेऊन बाहेर पडतात, कांदे-बटाटे-तांदूळ आणतात, चारजण वर्गणी काढून एका स्वयंपाकघरात जमतात आणि मोठे पातेले चढवतात. त्यातले उरलेले सोमवार-मंगळवारी डब्यात जाते. आपल्या बैठकीला जी मेजवानी दिसली, ती आठवड्याची बेगमी होती!

आणि ते हिंडणे? विद्यापीठात दर सहा महिन्यांनी जी वर्गणी भरावी लागते, तिच्यातच रेल्वे आणि बसचा पास येतो. आखेनहून कोलोन रेल्वेने तासाभराच्या वाटेवर. पास आधीच भरलेला असताना त्याने रविवारी खोलीत भिंतीकडे तोंड करून बसावे, असे का वाटावे आपल्याला? ते चर्च बांधायला १२४८ साली सुरुवात झाली आणि १८८० साली ते पुरे झाले. १५७ मीटर उंचीचे ते दगडी काम पाहताना इंजिनिअरिंगच्या मुलाच्या डोक्यात काहीच शिरत नसेल असे समजणाऱ्याला, क्षमा करा, शिक्षण म्हणजे काय हेच ठाऊक नाही.

नागपूरकरांना तर हे सांगावे लागू नये. गडचिरोली, गोंदिया, यवतमाळकडून आपल्याकडे शिकायला येणारी हजारो मुले खाणावळीच्या डब्यावर राहतात. रविवारी दुपारी गोडाधोडाची 'फीस्ट' आणि रात्री खाणावळ बंद, हा इथला रिवाजच आहे. त्या रविवारी रात्री ही मुले टोळक्याने निघतात, कुठे तर्रीपोहे, कुठे वडाभात खातात आणि फुटाळ्याच्या काठी जाऊन बसतात. त्यांना पाहून आपण "पोरं चैन करतात" म्हणतो. त्यांची रात्रीची चूल आज पेटलेली नाही, हे आपल्या ध्यानातही येत नाही.

हे सगळे आपल्याला कळत नाही असे नाही. तरी आपण बोलतो. का बोलतो? माझ्या मते याचे मूळ फार जुने आहे. विद्यार्थ्याने सुख मागू नये, सुख हवे असेल तर विद्या सोडावी, असे एक संस्कृत सुभाषित आपण पिढ्यान् पिढ्या मुलांकडून घोकून घेतले. विद्यार्थ्याची पाच लक्षणे सांगणारे आणखी एक आहे. कावळ्याची धडपड, बगळ्याचे ध्यान, कुत्र्याची झोप, कमी खाणे आणि घर सोडणे. मीही फळ्यावर ते कितीदा लिहिले आहे. मुलांच्या चेहऱ्याकडे पाहताना आताशा वाटते, की या पाचांत हसणे कुठेच नाही, आणि सोबती तर नाहीच नाही.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेही एका नातलगाच्या घरी राहून पुरे केले. त्या घरी मला पोळ्या मोजून वाढत. उघड कोणी काही म्हणत नसे. फक्त तिसऱ्या पोळीला वाढणारा हात क्षणभर थांबे. आज पंचेचाळिशी उलटली, दोन-चार कादंबऱ्या लिहून झाल्या, पण कुणाच्या घरी जेवताना तो थांबलेला हात मला अजून दिसतो. त्या काळात मी भूमिती किती शिकलो ते आठवत नाही. "पुरे" म्हणायला मात्र पक्का शिकलो. भुकेने विद्या वाढते असे जे सांगतात, त्यांनी मोजलेल्या पोळ्या खाल्लेल्या नसतात.

आता बाबासाहेबांच्या नावाने जे बोलले गेले त्याकडे वळतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या गावात त्यांनी लाखो लोकांना दीक्षा दिली, त्या गावात तरी त्यांचे नाव कोणाला टोचायला वापरू नये. होय, लंडनमध्ये त्यांचे हाल झाले हे खरे. सकाळी पावाचा तुकडा आणि किरकोळ काही, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात वाचन, रात्री बोव्हरिलचा पेला आणि कोणा ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून खाल्लेले. चरित्रांत हे सारे नमूद आहे. किंग हेन्रीज रोडवरचे जे १० नंबरचे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले, तिथे ते १९२१-२२ मध्ये राहत होते. तिथे जाऊन नतमस्तक जरूर व्हावे. पण तो पापड ही त्यांनी निवडलेली साधना नव्हती. पैसे नव्हते म्हणून पापड होता. मोठा माणूस उपाशी राहिला आणि तरीही मोठा झाला. उपाशी राहिला म्हणून मोठा झाला असे म्हणणे हा त्याच्या भुकेचा अपमान आहे.

खुद्द त्यांनी आपल्या भुकेतून काय शिकून घेतले ते पाहा. १९२३ साली परत आले आणि १९२५ साली त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला मुलांसाठी वसतिगृह काढले. 'मी पापडावर शिकलो, तुम्हीही शिका' असे ते म्हणाले नाहीत. मुलाच्या डोक्यावर छप्पर आणि पुढे ताट असले पाहिजे, ही त्यांची पहिली कामे होती. त्यांच्याही आधी, १९०१ साली, कोल्हापुरात शाहू महाराजांनी वसतिगृहांची चळवळ सुरू केली तीही याच जाणिवेने. शिक्षणाचा रस्ता स्वयंपाकघरावरून जातो, हे या दोघांनी ओळखले होते. आपण त्यांचे फोटो भिंतीवर लावतो आणि मुलाच्या ताटाकडे डोळे वटारतो.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी अशा बैठकीत कोणी सांगत नाही. १९२० साली बाबासाहेब अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करायला पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पैसे कसे जमले? सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेली शिल्लक, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज. हा मित्र त्यांना कुठे मिळाला होता? १९१३ साली न्यूयॉर्कला गेल्यावर कोलंबिया विद्यापीठाच्या वसतिगृहात. एका छपराखाली दोघे राहिले आणि ती मैत्री जन्मभर टिकली. वाचलेल्या पुस्तकांची किंमत मी कमी करीत नाही. परंतु परदेशात शिकलेल्या त्या महापुरुषाच्या पुढच्या शिक्षणाला जो आधार मिळाला, त्यातला एक सोबत्याचा होता, हे विसरू नका. सोबती ग्रंथालयाच्या कपाटात मिळत नाहीत. ते एका खोलीत, एका ताटावर, एका रस्त्यावर मिळतात.

आनंदीबाई जोशींचे नाव तर प्रत्येक घरात ठाऊक आहे. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी एकटी अमेरिकेला गेली. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी उतरली. तिथे तिने त्यांच्या स्नेह्यांना आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून जेवू घातले. मला तर तिच्या साऱ्या प्रवासात हे चित्र सर्वांत आवडते. परक्या देशात आलेली मुलगी यजमानांनाच पाहुणे करते! मग फिलाडेल्फियाचे मेडिकल कॉलेज, तिथली थंडी, अन्नाचे हाल, ढासळत गेलेली प्रकृती. ११ मार्च १८८६ रोजी ती डॉक्टर झाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली. बावीसही पुरी नव्हती. तिच्या त्यागाच्या गोष्टी आपण मुलींना डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण त्यातून 'अशीच झिजून शीक' हा धडा काढायचा, की 'हिला कोणी वेळेवर ऊन ऊन जेवू घातले असते तर' ही हळहळ? मी हळहळीच्या बाजूचा आहे.

आणि आपल्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे! अमेरिकेत शेतकी शिकले, गदर चळवळीत पडले, पुढे मेक्सिकोत जाऊन मक्याच्या जाती सुधारल्या, आणि अखेर १९६७ साली आपल्या नागपुरात वारले. मेक्सिको शहरात सरकारी शिक्षण खात्याच्या इमारतीच्या भिंतीवर दिएगो रिव्हेरा या चित्रकाराने एका मोठ्या टेबलाभोवती बसलेली माणसे रंगवली आहेत. मधोमध एक जण भाकरी मोडून वाटतो आहे. तो चेहरा खानखोज्यांचा, असे सांगतात. आपल्या वैदर्भी माणसाची परदेशात उरलेली खूण कोणती, तर ती ही. चारचौघांत बसून भाकर वाटणारा. आता पुन्हा त्या आखेनच्या फोटोकडे पाहा. टेबलाभोवती पाच जण बसले आहेत आणि मधोमध आमचा पोट्टा रोडगा मोडतो आहे!

आता माझा कबुलीजबाब.

त्या फराळाच्या वेळी मी त्या मुलाची बाजू घेतली नाही. सगळे माझ्याकडे पाहत होते, आणि मास्तरकीचा रुबाब राखायचा मोह मला आवरला नाही. मी त्याच फोनवरून त्याला दोन ओळी पाठवल्या. "रोडगे छान दिसतात. अभ्यासही चालू असेलच." सर्वांना तो टोला फार आवडला. मलाही आवडला.

त्यानंतर फोटो यायचे थांबले. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मोहल्ल्यात बोलणे झाले, "पोट्टा सुधरला, मास्तरांनी बरोबर कान धरला." मीही ते कौतुक खाली मान घालून स्वीकारले. उन्हाळ्यात तो सुट्टीवर आला तेव्हा खरे कळले. त्या दिवसापासून त्याने मित्रांना 'अभ्यास आहे' सांगून शनिवार-रविवारचे जमणे सोडले होते. डिसेंबरात तिथे सूर्य सकाळी साडेआठला उगवतो आणि दुपारी साडेचारला मावळतो. तेवढ्या अंधारात तो खोलीत एकटा बसे. पुस्तक उघडे असे, पण पान उलटत नसे. रात्री पाव नाहीतर पातळ खिचडी. फेब्रुवारीच्या परीक्षेत दोन विषय राहिले. ते आईवडिलांनाही सांगायची त्याला भीती वाटली. मग एका रविवारी चंद्रपूरकडच्या एका वरच्या वर्गातल्या ताईने दार ठोठावले. हातात भाजीचे पातेले होते. ती एवढेच म्हणाली, "चल, पोळ्या कोण लाटंल?" त्या पोळ्यांनी तो परत माणसांत आला. पुढल्या खेपेला राहिलेले विषयही सुटले.

हे सारे त्याने मला न रागावता सांगितले. जाताना नमस्कार करून म्हणाला, "सर, तुमचं बरोबरच होतं." हे मात्र माझ्याने सोसवले नाही. माझे बरोबर नव्हते. तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. म्हणून हा लेख.

कोणी म्हणेल, मास्तर, सगळीच मुले अशी गुणी नसतात. बापाच्या पैशावर मजा मारणारी, वर्गाचे तोंड न पाहणारीही असतात. असतात ना! मी पंचवीस वर्षे मुले पाहतो आहे, मला कोण सांगणार? पण त्यांचा पत्ता रविवारच्या ताटावरून लागत नाही. तो मंगळवारच्या तासावरून लागतो. विचारायचेच असेल तर मंगळवारचे विचारा. शिवाय जो खरोखर उधळतो, तो तुम्हाला फोटो पाठवत नाही. रोडग्याचे फोटो पाठवतो तो घरची आठवण काढणारा मुलगा असतो. "आई, इथेही मी आपले जेवतो आहे, एकटा नाही," एवढेच त्याला सांगायचे असते. आणि आपण त्याच पत्राच्या पाठीवर दंडाची पावती लिहून पाठवतो.

आईबापांनीही थोडे स्वतःकडे पाहावे. हाच फोटो आपण नातलगांना मिरवायला दाखवतो आणि मग त्यांनी नाक मुरडले की मुलावर उलटतो. मुलाचे सुख दाखवायचे नसेल तर दाखवू नका. दाखवले तर त्याच्या बाजूने उभे राहा. मुलांनाही एक सांगणे आहे. बाबांनो, रविवारचे हसू पाठवता तसा एखादा सोमवारचा थकवाही पाठवत जा. आम्हाला फक्त चर्च आणि नदी दिसते. भांडी घासणे, रात्रपाळी, नापासाची चिठ्ठी दिसत नाही. दिसली तर आमची जीभ थोडी आवरेल.

आणि ज्यांच्या हाती सरकारी शिष्यवृत्त्या आहेत त्यांनाही हेच. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आपले राज्य अनुसूचित जातींच्या मुलांना परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते, ही अभिमानाची गोष्ट आहे. अशी कुठलीही शिष्यवृत्ती महिन्याच्या महिन्याला पोचली पाहिजे. उशिरा आलेला हप्ता कागदावर पुरा दिसतो. पण मधल्या महिन्यांत न जेवलेले जेवण नंतर जेवता येत नाही.

ही दिवाळी पुन्हा आली आहे. जर्मनीत तिची सुट्टी नसते, म्हणून मुले जवळच्या शनिवार-रविवारी ती साजरी करतात. फराळ पाठवणार असाल तर लक्षात ठेवा, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात येऊ देत नाहीत. तेव्हा आपली संत्राबर्फी घरीच खा, आणि चिवडा, शेव तेवढी पाठवा. एकट्यापुरती पाठवू नका. त्याच्या टेबलावर पाच जण बसणार आहेत, त्या हिशेबाने पाठवा.

मग फोटो येईल. फराळाच्या बैठकीत फोन फिरेल. कोणी चकली मोडता मोडता विचारील, "शिकाले गेला का खाले?" तेव्हा गप्प बसू नका. यंदा मीही बसणार नाही. त्यांना सांगा, "दोन्हीले गेला." आणि मुलाला उत्तर लिहा. अभ्यासाचे त्या दिवशी काही विचारू नका. विचारा, "पोट भरलं का? अन् संगं कोण कोण होतं?"

फोटो येतात तोवर काळजी करू नये. ते यायचे थांबले, तर मात्र फोन उचलावा.